कंबर तुमची, कॅलेंडर त्यांचं

स्पष्टच लिहितो. कायरोप्रॅक्टरकडे एकूण किती वेळा यावं लागेल याचा पक्का आकडा जो पहिल्याच दिवशी सांगतो, आणि त्या आकड्याचे पैसे त्याच दिवशी भरून घेतो, तो तुमच्या कंबरेवर उपचार करत नाहीये. तो तुम्हाला वर्गणीदार करून घेतोय.

काहींना हे झोंबेल. झोंबू दे. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही, या धंद्यात माझं कुठलंही दुकान नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीच्या लोकांना ग्राहक तक्रारी लिहून देतो, एवढंच. आधी बिल्डर असायचे, मग मोबाईल, मग कोचिंग क्लास, मग जिम. आता त्या ढिगात मणक्याची पॅकेजं यायला लागली आहेत. मी त्यांच्याकडे पावतीच्या बाजूने बघतो, आणि पावती बरंच काही बोलते.

अलीकडे माझ्यासमोर अशा तीन पावत्या होत्या. एक ६७ वर्षांचे गृहस्थ, मानेपासून गुडघ्यापर्यंत सगळंच कुरकुरणारं. एक २९ वर्षांचा मुलगा, दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर. आणि एक ३८ वर्षांची बाई, पोळीभाजी केंद्र चालवणारी, रोज उभं राहून शेकड्याने पोळ्या लाटणारी. वय वेगळं, काम वेगळं, दुखणं वेगळं. आणि आखणी? तिघांचीही तीच. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा, पुढचे चार आठवडे दोनदा, त्यापुढचे चार आठवडे एकदा. बारा अधिक आठ अधिक चार, एकूण २४ सिटिंग. एकेक घेतलं तर २,००० रुपये, पॅकेज घेतलं तर १,५०० ने ३६,०००. आजच भरायचे, कारण ऑफर आज संपते. आणि हे झाल्यावर ‘मेंटेनन्स’ म्हणून महिन्यातून एकदा. कधीपर्यंत, तर कायम.

आता मला सांगा, तीन वेगळ्या माणसांच्या पाठी तपासून नेमका तोच आकडा कसा काय येतो? तपासून आला असता तर आला नसता. तो छापलेला होता. नाव तेवढं पेनाने भरलं होतं.

“पण फरक पडतो ना!” हे लगेच येणार कॉमेंटमध्ये. पडतो. कसा पडतो ते बघू.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधायची पद्धत होती. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला तो पायाळू. त्याने कंबरेला पाय लावायचा, हलकीशी लाथ मारायची. दोन-चार दिवसांत उसण जायची आणि गावात पायाळूचा लौकिक वाढायचा. त्याच्या पायात काय होतं? काहीच नाही. उसण बहुतेक वेळा आपली आपणच जाते. अचानक भरलेली कंबर बऱ्याच जणांची काही दिवसांत ते पाच-सहा आठवड्यांत पुष्कळ सुधारते, उपचार करा न करा. आणि माणूस उपचाराला कधी जातो? दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेवरून पुढचा रस्ता बहुधा उताराचाच असतो. त्या उतारावर जो भेटेल त्याला श्रेय. मग तो पायाळू असो, मालिशवाला असो, नाहीतर पांढरा कोट घातलेला कुणी असो.

फरक एवढाच, की पायाळूने कधी २४ लाथांचं पॅकेज विकलं नाही.

आता तो आवाज. रीलमध्ये मानेजवळ माईक लावून ऐकवतात तो ‘कडाक’. लोकांना वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं. तसं काही नसतं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते, आणि आवाज त्या क्षणाचा असतो. कॅनडात आल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ मध्ये बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण करून हे दाखवलं. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं परत वाजत नाही, हे तुम्ही घरी बोटं मोडून बघू शकता. हाड बसल्याची ती पावती नव्हे. ऐकून बरं वाटतं, मान्य. बरं वाटण्याचे पैसे घ्यायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘तुमचा मणका सरकलाय, तो बसवायला २४ वेळा यावं लागेल’ या वाक्याला.

हे सरकणं आलं कुठून? १८९५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी या पंथाची जन्मकथा. कानाची नस कानातून कवटीच्या आतल्या आत मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यातून जातच नाही. पण पामरसाहेब तिथे थांबले नाहीत. शंभरातले ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं त्यांनी पुढे मांडलं. याच सरकण्याला ‘सबलक्सेशन’ म्हणायचं. सगळ्यांच्याच मणक्यांना ते होतं, तुम्हाला कळतही नाही, आणि काढलं तरी परत होतं, असं एकदा मान्य केलं की किती वेळा यायचं याला अंतच राहत नाही. आजन्म गिऱ्हाईक मिळतं ते इथून.

ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांवर देखरेख करणारी त्यांचीच जी वैधानिक परिषद आहे, तिने २०१० मध्ये लिहून दिलं की हे सबलक्सेशन म्हणजे ऐतिहासिक कल्पना आहे, त्यामुळे आजार होतात असा दावा करण्याइतका संशोधनाचा आधार तिला नाही. घरच्यांनीच दिलेला कबुलीजबाब आहे हा. पण आपल्याकडच्या भिंतीवरच्या चार्टवर अजून प्रत्येक मणक्यासमोर एकेक आजार लिहिलेला असतो. पित्त, दमा, पाळीचा त्रास, डोकेदुखी, सगळं.

मग या उपचारात काहीच दम नाही का? आहे, थोडा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण एकतर्फी लिहिलं की समोरच्याला सुटायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या बरोबरीने मणक्यावर हाताने केलेल्या उपचारालाही जागा आहे. कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट वापरू नका म्हटलंय, आणि आपल्याकडे अजून लोक पट्टे बांधून फिरतायत, तो वेगळा विषय. २०१९ मध्ये ‘बीएमजे’त ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. निष्कर्ष असा की जुनाट कंबरदुखीत मणक्याच्या हाताळणीचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच होतो. इतकाच. कमी नाही, जास्तही नाही. आणि व्यायाम एकदा शिकलात की घरी सतरंजीवर फुकट होतो.

आता मूळ प्रश्न, किती वेळा? यावर खरंच अभ्यास झालेत. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांचे चार गट केले. सहा आठवड्यांत कुणाला शून्य, कुणाला ६, कुणाला १२, कुणाला १८ वेळा मणक्याची हाताळणी. सगळ्यात चांगला निकाल १२ वाल्यांचा आला. १८ वाल्यांना वरच्या सहांचा काही फायदा झाला नाही. आणि १२ वाल्यांचा फायदाही माफकच होता. म्हणजे अभ्यासात जिथे १८ सुद्धा जास्त ठरले, तिथे आपण २४ चे आगाऊ पैसे भरतोय.

‘मेंटेनन्स’वाले एक स्वीडिश अभ्यास दाखवतात, २०१८ चा. अभ्यास चांगला आहे, खुशाल दाखवा, पण पूर्ण वाचून दाखवा. वारंवार कंबर धरणाऱ्या ३२८ लोकांचे दोन गट केले. एक गट ठरलेल्या अंतराने जाणारा, दुसरा दुखलं तरच जाणारा. ठरवून जाणाऱ्यांना वर्षात सरासरी १२.८ दिवस कमी त्रास झाला. आणि त्यासाठी त्यांना जास्तीच्या भेटी किती लागल्या? वर्षभरात सरासरी १.७. दोनसुद्धा नाहीत! शिवाय या अभ्यासात घेतलेली माणसं तीच होती, ज्यांना सुरुवातीच्या काही भेटींतच चांगला फरक पडला होता. ज्यांना फरकच पडला नाही, त्यांना ‘अजून थोडे दिवस या’ म्हणायला हा अभ्यास उपयोगाचा नाही. ज्याला दुखणंच नाही अशा माणसाला, किंवा त्याच्या शाळकरी पोराला ‘फॅमिली प्लॅन’मध्ये ओढायला तर अजिबात नाही.

“अमेरिकेत सगळे जातात” हे पुढचं अस्त्र. जातात ना. आणि तिथलं सरकार पैसे देताना काय म्हणतं तेही बघा. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना मणक्याच्या हाताळणीचे पैसे देते, पण सुधारणा होत असेल तोपर्यंत. ‘मेंटेनन्स’चे देत नाही. तरी बिलं लागायची ती लागलीच. तिथल्या सरकारी तपासनिसांनी २०१३ सालच्या बिलांचा नमुना तपासून २०१६ मध्ये अंदाज मांडला, की कायरोप्रॅक्टिकपोटी दिलेल्या सुमारे ४३ कोटी ८१ लाख डॉलरपैकी ३५ कोटी ८८ लाख नियमात बसतच नव्हते. शंभरातले ८२ डॉलर! ज्या देशात हा उपचार जन्मला, जिथे परवाने आहेत, तिथे हा हिशेब. आपल्याकडे हिशेब तपासणाराच नाही.

घाबरवण्याचं मुख्य हत्यार म्हणजे एक्स-रे. फिल्म लावायची, पेनाने रेघ मारायची. “बघा, गादी झिजलीय. आत्ता केलं नाहीत तर दोन वर्षांत व्हीलचेअर.” मंडळी, झिजलेली गादी हे केस पांढरे होण्यासारखं आहे. २०१५ मधल्या एका मोठ्या आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्या माणसांची स्कॅनं बघितली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. कुणाचंही काही दुखत नव्हतं! आणि अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने स्वतः २०१७ मध्ये आपल्या सभासदांना सांगितलंय, की धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे मणक्याची स्कॅनं काढू नका, आणि प्रगती दाखवायला म्हणून परत परत तर काढूच नका. तेव्हा ‘आधीचा एक्स-रे, नंतरचा एक्स-रे’ हा खेळ त्यांच्या स्वतःच्या संघटनेलाही मान्य नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, पैसेच गेले ना, जाऊ देत. फक्त पैसे जात असते तर मी एवढं लिहिलं नसतं.

त्या तीन पावत्यांतली पोळीभाजीवाली बाई. तिची पाठ तीन महिने दुखत होती, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण यायची. वजन उतरलं होतं, साडीच्या निऱ्या बसत नव्हत्या. हे तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, असं ती म्हणते. फॉर्मवर मात्र तापाचा रकानाच नाही. फॉर्म मी स्वतः पाहिलाय. त्यात पैसे कसे भरणार याला चार रकाने आहेत. पंधराव्या सिटिंगपर्यंत पायांना मुंग्या यायला लागल्या, तर उत्तर मिळालं, “नस मोकळी होतेय, चांगलं लक्षण आहे.” पुढच्या आठवड्यात तिला मोरीपर्यंत चालता येईना. सरकारी रुग्णालयात एमआरआय झाला. मणक्याचा टीबी.

आपल्या देशात पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन दिसलं की टीबीचा विचार मनात यायला हवा, हे कुठलाही एमबीबीएस झालेला डॉक्टर सांगेल. तिच्या किडलेल्या मणक्यावर पंधरा वेळा झटके दिले गेले. आज ती वॉकर घेऊन चालते. वर्षभराच्या गोळ्या सरकारकडून फुकट मिळतात. पोळीभाजी केंद्र बंद आहे. उरलेल्या नऊ सिटिंगचे पैसे मागायला तिचा नवरा गेला, तेव्हा काऊंटरवरच्या मुलीने पावतीची मागची बाजू दाखवली, ‘नॉन-रिफंडेबल’.

पॅकेजचं खरं नुकसान हे असतं. पैसे भरलेला माणूस थांबत नाही. फरक नाही पडला तरी वाटतं, अजून नऊ बाकी आहेत, ती पूर्ण करू आणि मग डॉक्टरकडे जाऊ. आणि विकणाराही थांबवत नाही, कारण थांबवलं तर पैसे परत मागतील. दोन्हीकडून डोळ्यांवर पट्टी.

मानेचं तर अजून नाजूक. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रकार दुर्मीळ आहे, आणि झटक्यानेच चीर पडली हे दर वेळी सिद्ध होत नाही. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की हा संबंध रुग्णाला आधी सांगितला पाहिजे. तुम्हाला कुणी सांगितला? कटिंगनंतर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्याने नसेल सांगितला, समजू शकतो. २,००० रुपये घेणाऱ्याने?

सगळे कायरोप्रॅक्टर भामटे आहेत असं मी म्हणत नाहीये. परदेशात काही वर्षं रीतसर शिकून आलेले लोक आपल्याकडे आहेत. “तुमचं काम इथे नाही, आधी डॉक्टरला दाखवा” म्हणणारे आहेत. आणि हेही सांगतो, पॅकेजची कीड फिजिओथेरपीच्या क्लिनिकांनाही लागलीय. प्रश्न असा आहे की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने शिकलेला आणि न शिकलेला ओळखायचा कसा? फिजिओथेरपिस्टसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र कायदा नाही, परिषद नाही, नोंदणीची यादी नाही. मी पाहिलेल्या एका सर्टिफिकेटवर अभ्यासक्रमाचा कालावधी तीन दिवस होता. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून नोंदणी नसलेल्याने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हाच गुन्हा ठरवला. आपण तीस वर्षांनंतरही त्याला रीलवर फॉलो करतोय.

सरकारकडे मागायचं ते एवढं. एक, नोंदणी. कोण, काय शिकलाय, कुठे, हे एका यादीत दिसलं पाहिजे. दोन, आगाऊ पैशांवर मर्यादा. सहापेक्षा जास्त सिटिंगचे पैसे एकदम घेता येऊ नयेत, आणि न घेतलेल्या सिटिंगचे पैसे परत, कसलीही अट न लावता. तीन, मानेला हात लावण्याआधी धोका मराठीत लिहून सही. यात रॉकेट उडवायचं नाहीये. एक नियमावली लागते आणि इच्छा लागते.

तोवर आपलं आपण काय करायचं? माझा साधा हिशेब सांगतो. कंबर नुकतीच धरली असेल तर चालते-फिरते राहा, शेक घ्या, थोडे दिवस द्या. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधी झालेला कॅन्सर, पडल्यानंतरचं दुखणं, पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं एक जरी असलं तरी कुठल्याही हाताळणीवाल्याकडे जायचं नाही. डॉक्टर. शेवटची तीन असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

हे काही नसेल आणि जायचंच असेल तर जा. पण दर वेळचे पैसे दर वेळी द्या. आधी कागदावर लिहून ठेवा, किती वेळ बसता येतं, किती जिने चढवतात, रात्री किती वेळा जाग येते. चार ते सहा भेटींनंतर तोच कागद काढा. फरक नसेल तर थांबा, दुसरीकडे दाखवा. फरक असेल तरी एक दिवस भेटी संपल्या पाहिजेत आणि घरचा व्यायाम सुरू झाला पाहिजे. जो व्यायाम शिकवत नाही, त्याला तुम्ही परत यायला हवे आहात.

आणि ज्यांनी पैसे भरून टाकलेत त्यांच्यासाठी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. पावतीमागे ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. तरी हललं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही. पावती, फॉर्म, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, काहीही डिलीट करू नका.

त्या बाईची तक्रार लिहून झालीय, या आठवड्यात दाखल होईल. तुमच्याकडेही अशी पावती असेल तर कॉमेंटमध्ये सेंटरचं नाव लिहू नका, फक्त तीन आकडे लिहा. पहिल्या दिवशी किती सिटिंग सांगितली, किती पैसे आधी घेतले, आणि तुमचं वय. किती वेगवेगळ्या पाठींना तोच एक आकडा मिळालाय, ते सगळ्यांनाच दिसू दे.